नदीपलीकडची सून : १६८३ च्या प्रेमकथेच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, फोंडा

वहिनीच्या कादंबरीचा पहिला मसुदा आज हाती आला. काळ १६८३. एका काठावर अंत्रुज महाल (म्हणजे फोंड्याचा मुलूख), दुसऱ्या काठावर पोर्तुगीजांचे जुवें बेट. नायिका अंत्रुजातल्या महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या मानकरी घरातली, नायक जुव्याच्या व्यापारी घरातला. आम्ही घरी कोंकणी बोलतो आणि वाचतो-लिहितो मराठीत, तशीच ही कादंबरीही मराठीत आहे. पहिली चार प्रकरणे दिवाळी अंकासाठी द्यायची आहेत. वहिनीने लिहायचे आणि मी काळ, जागा, रीतिरिवाज तपासायचे, अशी वाटणी ठरली. जे बदलेल ते कारणासकट इथे नोंदवत जाईन.

साल मात्र हलवायचे नाही. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला आदिलशाहीकडून घेतला. १६८३ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर त्याच किल्ल्यावर चालून आला, येसाजी कंकांनी तो झुंजवला आणि संभाजीराजे धावून आल्यावर पोर्तुगीजांना माघार घ्यावी लागली. इतका ताण असलेला महिना दुसरीकडे शोधायची गरज नाही.

१६ जून

झाडांपासून सुरुवात केली, कारण ती पहिल्याच पानावर आहेत. नायक-नायिकेची भेट फुललेल्या गुलमोहराखाली होते आणि अंगणाच्या कुंपणावर बोगनवेल आहे. दोन्ही जातील. गुलमोहर मादागास्करचा, वनस्पतिशास्त्रज्ञांना तो कळला एकोणिसाव्या शतकात. बोगनवेलीला जिचे नाव मिळाले त्या फ्रेंच दर्यावर्दीची सफर १७६६ ते १७६९ मधली. म्हणजे १६८३ मधल्या गोव्यात दोन्हींपैकी एकही नाही.

त्या जागी सातवीण सुचवली. इथलीच, पावसाळा सरल्यावर फुलणारी, तिन्हीसांजेनंतर जिचा वास पाखाडीभर पसरतो. गावोगाव या झाडाबद्दल भुताखेतांच्या गोष्टी सांगतात, त्यामुळे रात्री तिच्याखाली कुणी फिरकत नाही. लपूनछपून भेटायला याहून चांगली जागा कुठली? वहिनीला हे इतके पटले की तिने प्रकरणाचे नावच बदलले. केसात आबोली ठेवली आहे, ती चालते.

१९ जून

घर, जेवण, पैसा. भराभर उरकले.

नायिकेच्या घराला बाल्कांव होता, तो काढला. रस्त्याकडे तोंड करून बसायचा तो ऐसपैस सोपा पुढच्या काळातल्या ख्रिस्ती घरांचा. महाजनांच्या घराला ओसरी, मध्ये राजांगण, राजांगणात तुळस. घराचे तोंड आत वळलेले असते. यामुळे कथेतही फरक पडतो : बाहेरून येणाऱ्याला ती दिसणारच नाही.

लग्नाच्या पंगतीतली बटाट्याची भाजी आणि हुमणातला टोमॅटो काढला. आंबटाला भिरंडीची सोलां (कोकम), बांगड्याला तेफळ. मिरची राहू दे, काजूही. हुंडा रुपयांत नको : पलीकडे शेराफीं हे पोर्तुगीज नाणे, अलीकडे होन. एका शेराफींचे पाच टांगे, एका टांग्याचे साठ रैस. एवढे हिशेबाला पुरते.

२ जुलै, पणजी

पुराभिलेखागारात दिवस गेला. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवून ज्या दप्तरांची वाट आपल्याला मोकळी करून दिली, त्यांच्या नुसत्या याद्या वाचतानाही मान लवते. लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या मालिकेचे नावच ‘मोंसोंइश दु रैनु’, म्हणजे ज्या पावसाळी वाऱ्यांवर ती पत्रे आली-गेली त्यांच्यावरून पडलेले. जहाजे लिस्बनहून मार्च-एप्रिलात सुटत आणि सगळे सुरळीत झाले तर सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीत शिरत. जून ते ऑगस्ट आग्वादजवळचे मांडवीचे मुख वाळूच्या दांड्याने आणि लाटांनी बंद.

मसुद्यात जुलै महिन्यात एक गलबत लिस्बनहून बातमी घेऊन येते. ते सप्टेंबरात नेले. मग मधले सगळे महिने पात्रांना काहीच कळत नाही. वहिनी म्हणाली, “अगं, हे तर बरेच झाले. वाट बघण्यावाचून प्रेमकथा होते का कधी?”

६ जुलै, आषाढी एकादशी

आज मूळ दुखण्याला हात घातला. झाडे आणि भाज्या खोडरबराने बदलता येतात, हे येत नाही.

नायिका बावीस वर्षांची आणि अविवाहित आहे. वडील तिला विचारतात, “तुझ्या मनात कोण आहे?” १६८३ मधल्या अंत्रुजातल्या महाजनांच्या घरी हे घडणे शक्य नाही. मुलीचे लग्न न्हाण येण्याआधी होत असे. बाविसाव्या वर्षी अशा घरातली बाई एकतर सासरी नांदत असते, नाहीतर विधवा असते. तिला आजच्या मुलीसारखी मोकळी, बंडखोर, पुस्तके वाचणारी दाखवली की वाचकाला ती आवडते, पण मग तिच्यापुढे जे डोंगर उभे होते तेच नाहीसे होतात. वेशभूषा जुनी आणि माणसे आजची, असे होते. त्या काळातल्या खऱ्या बायकांनी जे सोसले आणि त्यातूनही जो जिव्हाळा जपला, त्यावर हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “लहान मुलीची प्रेमकथा मी लिहिणार नाही.” मीही तेच म्हणाले. त्यावर तिचा प्रश्न : “मग त्या काळात प्रेम करायचे तरी कुणी आणि कधी?”

उत्तर समोरच आहे. त्या काळी प्रेम लग्नानंतर होई, आणि तेही चोरूनच. भरल्या घरात दिवसाउजेडी नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचे नाही, वडीलधाऱ्यांसमोर एकत्र बसायचे नाही, नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही. इतक्या अडसरांतून मन पोचवायचे. लग्न हा कथेचा शेवट धरला तर आपण आजच्या साच्यात अडकतो. ते सुरुवातीला ठेवून पाहू.

११ जुलै

लग्न सुरुवातीला, हे दोघींना मान्य. पण मग ती दोघे मोठी होईपर्यंत लांब राहायला हवीत, आणि तेही लेखिकेच्या सोयीसाठी नव्हे तर काळाच्या जोराने.

तो जोर कायद्यातच सापडला. १५५९ च्या पोर्तुगीज हुकुमाने अनाथ हिंदू मुले ख्रिस्ती धर्मात वाढवण्यासाठी पाद्रींच्या ताब्यात द्यायची होती. पुढे तर आई जिवंत असूनही केवळ बाप वारला तरी मूल अनाथ ठरवले जाई. नातेवाईक रातोरात मुलांना नदीपार पोचवत, आणि सापडले तर लपवणाऱ्यांच्या मालमत्तेवर टाच येई.

त्यावर नवी मांडणी अशी. १६६९ : नायक बारा वर्षांचा, नायिका आठ. सतराव्या शतकात बराच काळ पोर्तुगीज हद्दीत हिंदूंना आपल्या विधीने लग्न लावता येत नसे, लोक वऱ्हाड घेऊन हद्दीपलीकडे जात. म्हणून लग्न अंत्रुजात, तेव्हा तो आदिलशाही मुलूख. त्याच वर्षी मुलाचा बाप वारतो. काका त्याला उचलून वेंगुर्ल्याला नेतो. तिथे डच वखार आहे, तिच्या आडोशाने काकाचा व्यापार चालतो. मुलगा कुठे आहे हे सासरच्या माणसांनाही सांगायचे नाही, कारण बातमी फुटली तर जुव्यातले घर जाणार. चौदा वर्षे अशीच जातात. ती बावीस, तो सव्वीस. नवरा-बायको आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

वहिनीने फोन ठेवला आणि रात्री उशिरापर्यंत लिहीत बसली असे दादा सांगत होता. मला तर अंगावर काटा आला. ज्या हुकुमाने घरेच्या घरे मोडली, त्याचाच धागा धरून ही दोन माणसे आपल्यापर्यंत पोचतात.

२० जुलै

नायकाचा बाप्तिस्मा झाला होता का? मसुद्यात गावात तशी कुजबुज आहे. वहिनीला ती खरी ठरवून नंतर त्याला परत हिंदू करून घ्यायचे होते. दाखला म्हणून तिने नेताजी पालकरांचे नाव काढले : १६७६ मध्ये महाराजांनी त्यांना परत धर्मात घेतले होते.

मी विरोध केला. नेताजींच्या पाठीशी छत्रपती उभे होते. एका व्यापाऱ्याच्या पोरक्या मुलाला जातीत परत घ्यायला गावचे महाजन इतक्या सहज तयार झाले असते असे दाखवणे म्हणजे त्या समाजाला आहे त्याहून उदार रंगवणे. पोर्तुगीजांचा जाच जितका खरा, तितकाच अलीकडच्या काठाचा कडकपणाही खरा, आणि कादंबरीत दोन्ही आले पाहिजेत. कुजबुज ठेवली, ती खोटी निघते. पण ती चौदा वर्षे टिकते आणि तेवढ्यात नायिकेचे हाल व्हायचे ते होतातच : कुंकू लावायचे की नाही इथपासून तिला लोक विचारतात.

३ ऑगस्ट, दुर्भाट

नदीकाठी. तारीमामांना भेटायला गेलो. (वहिनीच्या माहेरचे, वयाने ऐंशीच्या पुढचे, सगळे आयुष्य होडीवर गेलेले.) प्रकरण आठवे असे : पौर्णिमेच्या मध्यरात्री ओहोटी आहे, चांदणे पडले आहे आणि नायक-नायिका नदीचा उघडा पडलेला चिखल तुडवत जुव्याहून परत येतात, म्हाताऱ्या सासूला घेऊन.

मामांनी ऐकले आणि विचारले, “पुनवेक मध्यान्हरात्री सुकती खंयची गो?”

त्यांचा हिशेब सरळ आहे. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे मध्यरात्रीच्या सुमाराला पाणी तुडुंब, तेही उधाणाचे. ओहोटी पहाटे. मध्यरात्री ओहोटी हवी तर अष्टमी धरा : आठाची पाऊणपट सहा, संध्याकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी. खाडीत आत जाल तसा थोडा उशीर धरायचा.

पण अष्टमीला चांदणे कुठले? शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्री मावळतो. वद्य अष्टमीला त्याच वेळी उगवतो. मग वद्य अष्टमी. आणखी एक अडचण मामांनीच सांगितली : अष्टमीला भांग असते, पाणी फार उतरत नाही, चिखल उघडा पडत नाही. चालत येणे नाही, होडीच हवी. “आनी मानगें आसतात,” असेही म्हणाले. कुंभारजुव्याच्या खाडीत आजही मगरी आहेत, आणि दुर्भाट-बोरीकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा होते. रात्री पाण्यात पाय घालायची हिंमत तिथल्या कुणी केली नसती.

सगळे पुन्हा लिहायचे आणि सगळेच आधीपेक्षा चांगले. जाताना काळोख, नाव वल्हवणारा एकच माणूस, वल्ह्याचा आवाज होऊ नये म्हणून गुंडाळलेले फडके. परतताना तोंड अंत्रुजाकडे, पूर्वेला. डोंगरामागून अर्धा चंद्र वर येतो आणि तेव्हा कुठे ती नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहते. मधे सासू बसलेली, म्हणून एक शब्दही नाही.

५ ऑगस्ट

मामांचा हिशेब इतिहासावर लावून पाहिला. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री दहाच्या सुमाराला, ओहोटी साधून, मराठ्यांची एक तुकडी जुव्याच्या किल्ल्यात शिरली. दुसऱ्या दिवशी बेट परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जेमतेम जीव वाचवून निसटला. त्या रात्रीची तिथी मागे मोजत काढली तर शुद्ध पंचमी-षष्ठीच्या सुमाराची येते. सहाची पाऊणपट साडेचार. दुपारी साडेचारला भरती, रात्री साडेदहाला ओहोटी.

जुळले! कागदावर आकडा लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

याच मोजणीने कार्तिक वद्य अष्टमी १२ नोव्हेंबरच्या आसपास पडते, फोंड्याहून पोर्तुगीज मागे हटले त्याच सुमाराला. म्हणजे आमची होडी त्याच धामधुमीत निघते. किनाऱ्यावरच्या चौक्या विस्कळीत झाल्या असणार, सासूला काढायला तीच वेळ योग्य. आणखी दोन आठवड्यांनी जुवें पेटणार आहे, हे होडीतल्या कुणाला ठाऊक नाही.

तारखांविषयी एक टीप : पोर्तुगीज कागद तेव्हा नव्या (ग्रेगोरियन) पंचांगाचे, कारवारच्या इंग्रज वखारीतले जुन्या (ज्युलियन) पंचांगाचे. दोन्हींत दहा दिवसांचे अंतर. एकाच प्रसंगाच्या दोन तारखा दिसल्या तर आधी हे पाहायचे.

१४ ऑगस्ट

१६६९ च्या लग्नाचे प्रकरण. विधींसाठी सगळ्यात बोलका कागद म्हणजे इन्क्विझिशनचा (पोर्तुगीजांच्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाचा) १४ एप्रिल १७३६ चा मनाई हुकूम. हा आमच्या काळानंतरचा आणि ख्रिस्ती झालेल्यांसाठी काढलेला, म्हणून जपूनच वापरायचा. पण त्यात काय काय बंद करायला सांगितले आहे ते पाहा : लग्नात ओव्या गाणे, वधूवरांना हळद-तेल-नारळाचा रस लावणे, विडे-सुपारी वाटणे, एकादशीचा उपास, दारात तुळस, पुरुषांचे धोतर, बायकांची चोळी. धर्म बदलून पिढ्या लोटल्यावरही लोक हे करत होते, म्हणून तर बंदी घालावी लागली. मग त्याआधी सत्तर वर्षे अलीकडच्या काठावर हे सगळे भरघोस चालू असणार, यात शंका नको. आणि बंदी हरली. आजही गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी रोस लावतात, नारळाचा रस अंगाला चोळतात, बायका ओव्या म्हणतात.

वहिनीला म्हटले, जुव्यातली एक ख्रिस्ती शेजारीण वऱ्हाडाबरोबर गुपचूप नदीपार येऊ दे. ओव्या तिला येतातच. तिने ती बाई लिहिली आणि आता ती मला नायिकेइतकीच जवळची वाटते. पुढे सासूला लपवणारी तीच.

२२ ऑगस्ट

नाक्यावरचा प्रसंग झाला. माझ्या मते कादंबरीतला सर्वांत चांगला.

नदीकाठी मराठ्यांची चौकी. कारकून दस्तक (परवाना) लिहितोय. अलीकडे उतरलेल्या प्रत्येकाचे नाव हवे. नायिकेला विचारतो, “कोणाची कोण? नवऱ्याचे नाव?” ती गप्प. नाव घ्यायचे नाही हे तिला आठव्या वर्षापासून शिकवलेले, आणि घ्यायची वेळ कधी आलीच नव्हती. कारकून चिडतो, लेखणी ठेवतो, मागे रांग खोळंबते. नायक चार पावलांवर उभा, पण त्याने सांगितलेले कारकून मानायला तयार नाही : हा पलीकडून आलेला, हेर नसेल कशावरून? बाईने ओळखले पाहिजे. शेवटी ती मान खाली घालून दोन ओळींत गुंफून नाव घेते. रांगेतल्या बायका हसतात, कारकून नाव लिहितो.

आपले नाव तिच्या तोंडून तो तेव्हा पहिल्यांदा ऐकतो. पुढे वहिनीने एकच वाक्य लिहिले होते, त्याला काय वाटले ते सांगणारे. ते काढ म्हटले, आणि तिने काढले.

२७ ऑगस्ट, चवथ

काम बंद.

६ सप्टेंबर

एका संपादकांचा निरोप आला : गोव्याची कथा आहे तर मांडो हवा, व्हायोलिनवर दोघांचे नृत्य हवे, वाचकाला गोवा वाटला पाहिजे. वहिनीने मला उत्तर द्यायला सांगितले. मांडो मला प्राणाहून प्रिय आहे, पण तो एकोणिसाव्या शतकात साष्टीच्या ख्रिस्ती वाड्यांत बहरला. १६८३ च्या अंत्रुजात महाजनांची सून परपुरुषासमोर नाचणार नाही आणि स्वतःच्या नवऱ्यासमोर तर नाहीच. गोवा वाटावा म्हणून खाजन (खाडीकाठच्या) शेताचे बांध आहेत, मानशीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, घुसणारे पाणी आहे, सातवीण आहे.

गाणे हवे तर जाते आहे. पहाटे जात्यावर बाईला हवे ते बोलता येते, कारण ते नवऱ्याला उद्देशून नसते, दगडाला सांगितलेले असते. जुन्या संग्रहातली ओवी उचलायची नाही, स्वतः रचायची, असे ठरले. वहिनीची पहिली :

नदीच्या पैलतीरी दिवा दिसतो एकला
माझ्या गं कुंकवाला कोणी अबोला शिकवला

सासू आत झोपेचे सोंग घेऊन ऐकते. तिच्याच मुलाबद्दल आहे हे तिला कळते. हे पत्रात लिहून पाठवले. संपादकांनी दोन दिवसांनी कळवले, ओवी ठेवा, नृत्य नको.

१५ सप्टेंबर

चारही प्रकरणे गेली. सोबत लेखिकेचे मनोगत अर्ध्या पानाचे : फोंड्याचा वेढा, जुव्याची रात्र, १५५९ चा हुकूम या घडलेल्या गोष्टी. दोन्ही घरे, नायक-नायिका, शेजारीण, कारकून ही कल्पिलेली. वाचकाला हे ठाऊक असायला हवे. प्रेमकथेत वाहून गेलेला माणूसच तिच्यातल्या इतिहासावर सर्वांत जास्त विश्वास ठेवतो.

पुढच्या भागासाठी काढून ठेवले : १६८४ च्या जानेवारीत औरंगजेबाचा मुलगा शाहआलम घाटाखाली उतरतो आणि संभाजीराजांना मागे फिरावे लागते. २७ जूनला आल्व्होर फर्मान काढतो, की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. शेजारीण अजून जुव्यातच आहे. तिच्या घरात ओव्यांचे काय होते हे वहिनीला विचारायचे. शिवाय तिच्यासाठी त्या काळचे ख्रिस्ती घर, कपडे आणि प्रार्थनेच्या वेळा पाहायच्या. नमाजाच्या वेळाही पाहायच्या, कुंभारजुव्याच्या मुसलमान नाखव्यासाठी, त्याचे प्रकरण नवे आहे.